एका पोरखेळाची बखर

इतिहास म्हटला की आम्हां शाळामास्तरांच्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. कोणी कोणाचा मुलूख घेतला, कोण गादीवर बसला, कोणत्या साली कोणता कायदा झाला, हे आम्ही मुलांकडून घोकून घेतो. परंतु माणसांच्या जगण्यात पालट घडवून आणणाऱ्या कित्येक गोष्टींची नोंद या सनावळ्यांत सापडत नाही. त्या घडत असतात तेव्हा घडवणाऱ्यांनाही त्यांची मातब्बरी कळलेली नसते. काही वेळा तर तो निव्वळ पोरखेळ असतो. चार हुशार, जराशी नादिष्ट मुले एकत्र येतात, रात्री जागवतात आणि नकळत पुढच्या साठ वर्षांचे बी पेरून जातात.

अशाच एका पोरखेळाची ही बखर आहे. तिच्यात दोन जहाजे आहेत, एक तारा आहे, घनघोर लढाई आहे. आणि कोणत्याही बखरीला शोभेल असा वारसाहक्काचा प्रश्नही आहे. खेळाचे नाव 'स्पेसवॉर', म्हणजे अंतराळयुद्ध. तो १९६२ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी, एका तंत्रविद्येच्या विद्यापीठात जन्मला. घरोघरी मुलांच्या हाती आज जे पडद्यावरचे खेळ दिसतात, त्यांचा वंशवृक्ष मागे मागे नेत गेले तर त्याची एक जाड मुळी या खेळाशी जाऊन पोहोचते.

त्या काळचे गणकयंत्र डोळ्यांपुढे आणणे आजच्या वाचकाला सोपे नाही. ज्याला आपण आता संगणक म्हणतो, त्याला तेव्हा स्वतंत्र खोली, थंड हवेची सोय आणि देखरेखीला माणसे लागत. ज्याला हिशेब करून हवा असे, त्याने तो भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर उतरवावा, गठ्ठा कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा आणि आल्या वाटेने परत जावे. उत्तर काही तासांनी, नाही तर दुसऱ्या दिवशी, छापील कागदावर मिळे. एखादे चिन्ह चुकले असेल तर गठ्ठा दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभे राहायचे. मामलेदार कचेरीत अर्ज टाकून 'उद्या या' हे शब्द ऐकत घरी परतलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्र आणि माणूस यांची समोरासमोर गाठच पडत नसे. मध्ये कायमची एक खिडकी असे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात मात्र काही तरुणांना या खिडकीच्या आत शिरण्याची संधी मिळाली होती. यांतले पुष्कळसे तेथील 'टेक मॉडेल रेलरोड क्लब'चे, म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मंडळाचे सभासद होते. खेळण्यातल्या रुळांखाली तारा आणि खटके यांचे जाळे विणण्याची त्यांना भारी हौस. यंत्राच्या आत हात घातल्यावाचून यंत्र कळत नाही, हे त्यांचे जणू ब्रीदच होते. 'हॅकर' हा शब्द आज चोराला लावला जातो. पण या मंडळींच्या तोंडी तो गौरवाचा होता. यंत्राकडून कोणाला न सुचलेले काम युक्तीने करून घेणारा तो हॅकर.

१९६१ साली त्यांच्या हाती एक नवे यंत्र आले. 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' ही कंपनी केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन अभियंत्यांनी १९५७ साली मेनार्ड गावी लोकरीच्या एका जुन्या गिरणीत थाटली होती. तिने आपले पहिले गणकयंत्र, 'पीडीपी-१', विद्यापीठाला भेट म्हणून दिले. त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. आकाराने ते ओळीने उभ्या केलेल्या कपाटांएवढे. ते एका सेकंदात सुमारे एक लाख बेरजा करी. त्याची स्मृती अवघी ४,०९६ 'शब्दां'ची होती, आणि शब्द म्हणजे शून्य आणि एक यांची अठरा घरे. आपल्या खिशातल्या फोनवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही त्या स्मृतीत मावले नसते. परंतु या यंत्राला दोन गोष्टी अशा होत्या की तरुणांना त्याचे वेडच लागले. एक, त्याच्यासमोर खुर्ची टाकून माणसाला स्वतः बसता येई. दुसरी, त्याला सोळा इंची गोल पडदा होता. ही मूळची रडारची नळी. पडद्यावर एखादा ठिपका उमटला की तो निळसर चमके आणि विझताना मागे हिरवट-पिवळी आभा रेंगाळत ठेवी.

यंत्र येण्यापूर्वीच त्याच्यावर काय करून दाखवायचे याची खलबते सुरू झाली होती. केंब्रिजमधील हिंगहॅम रस्त्यावरच्या एका बिऱ्हाडात स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन हे तिघे जमत. थट्टेने त्यांनी आपल्या अड्ड्याला 'हिंगहॅम इन्स्टिट्यूट' असे भारदस्त नाव दिले होते. इ. ई. स्मिथ या लेखकाच्या अंतराळातील धुमश्चक्रीच्या कादंबऱ्या ते चवीने वाचत. काळही तसाच होता. एप्रिल १९६१ मध्ये युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प जाहीर केला होता. सगळ्यांच्याच माना वर वळल्या होत्या.

या मित्रांनी स्वतःसाठी तीन कसोट्या ठरवल्या. यंत्राची जेवढी म्हणून शक्ती आहे तिचा पुरेपूर कस लागला पाहिजे, ही पहिली. दरवेळी नवे काही घडले पाहिजे, एकच प्रयोग पुन्हा पुन्हा नको, ही दुसरी. आणि पाहणाऱ्याने नुसते पाहत न राहता आनंदाने त्यात हात घातला पाहिजे, ही तिसरी. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे खेळ! मास्तर म्हणून मला या कसोट्यांचे फार अप्रूप वाटते. चांगल्या पाठाच्या कसोट्या याहून वेगळ्या त्या काय असतात?

ठरले खरे, पण लिहायचे कोणी? सगळ्यांचे बोट रसेलकडे. रसेल तेव्हा चोविशीतला, बुद्धीने तल्लख आणि चालढकलीत तरबेज. आज नको, उद्या पाहू, असे करता करता त्याने एक भक्कम सबब शोधली. जहाज कोणत्या कोनात वळले हे काढायला ज्या आणि कोज्या यांचे गणित लागते, आणि ते करणारी आज्ञावली आपल्याजवळ नाही! त्याचा मित्र ॲलन कोटॉक सरळ मेनार्डला कंपनीच्या दारात गेला, ती आज्ञावली कागदी फितीवर घेऊन आला आणि त्याने ती रसेलच्या पुढ्यात ठेवली. आता सबब उरली नाही. १९६२ च्या फेब्रुवारीच्या सुमारास खेळाचे पहिले रूप पडद्यावर आले. त्यामागे सुमारे दोनशे तासांची मेहनत होती, असा रसेलचा स्वतःचाच अंदाज आहे. त्याच महिन्यात जॉन ग्लेन हा अमेरिकन वीर पृथ्वीभोवती फिरून आला. एक अंतराळात गेला आणि दुसऱ्याने अंतराळ टेबलावर आणून ठेवले.

खेळ सांगायला सोपा. पडद्यावर दोन जहाजे, एक सुईसारखे सडपातळ आणि दुसरे पाचरीसारखे. एकेका खेळाडूच्या ताब्यात एकेक. जहाज डावी-उजवीकडे वळवता येते, मागून ज्वाळा सोडून पुढे रेटता येते आणि टॉर्पेडो डागता येतो. इंधन मोजके, दारूगोळाही मोजका. गंमत अशी की अंतराळात हवा नाही, म्हणून घर्षण नाही. एकदा दिलेला वेग आपोआप संपत नाही. थांबायचे तर जहाज उलटे फिरवून तेवढाच जोर विरुद्ध दिशेने लावावा लागतो. न्यूटनचा पहिला नियम मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि मुले तो वहीत उतरवतात. हा खेळ खेळणाऱ्याच्या तो पाच मिनिटांत मनगटात उतरत असे.

आणि येथून या बखरीतला खरा रंगतदार भाग सुरू होतो; कारण रसेलने जे लिहिले ते नुसता सांगाडा होता. त्याने शोभेसाठी पडद्यावर कसेबसे काही ठिपके विखरून त्यांना तारे म्हटले होते. पीटर सॅमसन या मित्राला हे खपेना. आकाश दाखवायचे तर खरे दाखवा, असा त्याचा हट्ट. त्याने ताऱ्यांची कोष्टके समोर घेतली आणि खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना साडेबावीस अंशांच्या पट्ट्यातले, साध्या डोळ्यांना दिसतील असे तारे एकेक करून यंत्रात भरले. तेजस्वी तारा अधिक उजळ आणि मंद तारा मंद दिसेल अशी तजवीज केली, आणि सारे आकाश हळूहळू सरकत राहील असेही केले. लाखाहून अधिक डॉलरांच्या यंत्रावरच्या या करामतीला त्याने नाव दिले 'महागडे तारांगण'. त्या पट्ट्यात आपले ओळखीचे किती आहेत पाहा: रोहिणी, मृग नक्षत्रातला काक्षी आणि राजन्य, व्याध, मघा, चित्रा, श्रवण. या ताऱ्यांच्या साक्षीने ती दोन जहाजे झुंजू लागली.

डॅन एडवर्ड्सचे म्हणणे वेगळे. मोकळ्या मैदानात नुसती गोळाफेक करण्यात कौशल्य ते काय? मध्यभागी एक जळता तारा हवा आणि त्याची ओढ जहाजांना जाणवली पाहिजे. पण गुरुत्वाकर्षणाचे गणित क्षणोक्षणी करायला यंत्राजवळ सवड नव्हती. तेव्हा जहाजांची चित्रे रेखण्याची एक नवी, झटपट रीत त्याने शोधून काढली, आणि वाचलेल्या वेळात तारा बसवला. टॉर्पेडोंना मात्र या ओढीतून सूट द्यावी लागली. तेवढे गणित यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या एका ताऱ्याने खेळाचा नूरच पालटला. बेसावध राहाल तर ताऱ्यात ओढले जाऊन भस्म व्हाल. पण हिशेबाने जवळून गेलात तर गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे भिरभिरत शत्रूच्या पाठीवर जाल. ज्याला ताऱ्याशी भांडण न करता त्याची ओढ वापरता आली, तो जिंकला.

ग्रेट्झने भर घातली ती 'हायपरस्पेस'ची. जीव धोक्यात आला की जहाज अंतर्धान पावणार आणि क्षणाने पडद्यावर भलतीकडेच प्रकट होणार. कोठे, ते देव जाणे. प्रकट होताना त्याच्या ठिकऱ्या उडण्याचाही संभव. म्हणजे हा उपाय केवळ 'मरता क्या न करता' या वेळेसाठी. सुरुवातीला खेळाडू यंत्राच्या दर्शनी फळीवरचे खटके दाबून खेळत. त्यात कोपरे दुखून येत, आणि पडदा एका बाजूला असल्यामुळे एकाला तो सोयीचा व दुसऱ्याला गैरसोयीचा पडे. मग कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी आगगाडी मंडळाच्या खोलीतले लाकूड, तारा आणि खटके जमवून हातात धरायच्या दोन पेट्या तयार केल्या. त्यांतले टॉर्पेडोचे बटण मुद्दाम बिनआवाजी ठेवले, म्हणजे आपण केव्हा डागतो हे शेजारी बसलेल्या शत्रूला कळू नये! आज मुलांच्या हातात खेळाचे जे नियंत्रक असतात, त्यांच्या पूर्वजांत या ओबडधोबड लाकडी पेट्यांना मानाचे स्थान द्यावे लागेल.

ही सारी हकिकत वाचताना मला आपला दिवाळीतला किल्ला आठवतो. वाड्यातला एखादा मुलगा दगड-मातीचा ढीग रचतो. दुसरा पोत्याचे कापड आणि चिखल आणतो, तिसरा अळीव पेरून हिरवळ उगवतो, कोणी बहिणीचा आरसा पळवून त्याचे तळे करतो, कोणी मावळे मांडतो, आणि सिंहासनावर महाराज बसवायचा मान कोणाचा यावरून थोडी मारामारीही होते. शेवटी किल्ला कोणाचा, असे विचारले तर उत्तर एकच: वाड्याचा. स्पेसवॉर असाच झाला. रसेलने ढीग रचला. सॅमसनने आकाश ताणले, एडवर्ड्सने मधोमध तारा पेटवला, ग्रेट्झने चोरवाट खोदली, कोटॉक-सॉन्डर्सनी दरवाजे बसवले. प्रत्येकाला दुसऱ्याचे काम उघडून पाहता येत होते, म्हणूनच त्यात भर घालता आली.

खेळणाऱ्यांनीही आपला वाटा उचलला. रसेलने आरंभी टॉर्पेडो थोडे बेभरवशाचे केले होते. खऱ्या लढाईत शस्त्रे दगा देतात, तसे काही जणू. खेळाडूंना ते मुळीच रुचले नाही. हरलो तर आपल्या चुकीने हरावे, नशिबाच्या लहरीने नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. रसेलने ते ऐकले आणि टॉर्पेडो बिनचूक केले. पडद्यावरचे खेळ रचणाऱ्यांना आजही हाच धडा पहिल्या दिवशी गिरवावा लागतो. मे १९६२ मध्ये विद्यापीठाने लोकांसाठी दारे उघडली तेव्हा हा खेळ मांडून दाखवण्यात आला, आणि पाहणाऱ्यांची झुंबड उडाली.

हा जगातला पहिलाच संगणकी खेळ होता काय? नव्हे. १९५१ साली ब्रिटनमधील फेरांटी कंपनीने 'निमरॉड' नावाचे यंत्र काड्या उचलण्याचा एक जुना खेळ खेळण्यासाठी प्रदर्शनात मांडले होते. १९५२ साली केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस यांनी फुली-गोळा खेळणारी आज्ञावली लिहिली. १९५८ साली ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी पडद्यावर टेनिस खेळवून दाखवला. या कर्तबगारीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हे खेळ ज्या यंत्रावर जन्मले त्याच यंत्राबरोबर संपले. पुढे त्यांना वंश राहिला नाही. स्पेसवॉर मात्र आपले घर सोडून बाहेर पडला.

तो बाहेर पडला त्याचे कारण अगदी साधे आहे: त्याला कोणी मालक नव्हता. या मंडळींनी त्याचा हक्क नोंदवला नाही, किंमत लावली नाही. विकायचा तरी कोणाला? एक लाख वीस हजारांचे यंत्र ज्याच्या दारी, त्यालाच तो खेळता येणार. आणि अशी यंत्रे जगात पन्नासच्या आसपासच बनली. ज्याने मागितली त्याला कागदी फितीची नक्कल मिळाली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीलाही यात सोय दिसली. स्पेसवॉर यंत्राच्या अंगप्रत्यंगाचा कस लावतो, तेव्हा तो नीट चालला की यंत्र ठाकठीक आहे असे समजावे! कारखान्यात शेवटची परीक्षा म्हणून हा खेळ चालवीत, आणि तो स्मृतीत तसाच ठेवून यंत्र रवाना करीत. त्या वेळची चुंबकी स्मृती वीज गेली तरी पुसली जात नसे. गिऱ्हाईकाने यंत्र सुरू केले की त्याच्या स्वागताला ती दोन जहाजे हजर. पहिल्या कसोटीत 'यंत्राचा पुरेपूर कस' असे शब्द होते, त्यांचे असे सार्थक झाले.

जेथे जेथे पडदा असलेले गणकयंत्र गेले तेथे तेथे हा खेळ पोहोचला, आणि जाईल तेथे पालटत गेला. कोठे दोनाचे पाच खेळाडू झाले, कोठे ताऱ्याची ओढ बदलली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत तर त्याने चांगलेच मूळ धरले. तेथे एकच यंत्र अनेक जण एकाच वेळी वापरीत. अशा सामायिक यंत्रात एखाद्या कामाला ठरल्या क्षणी हमखास पाळी मिळवून देणारी सोय करावी लागली, तेव्हा तिला नावच 'स्पेसवॉर' पडले. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी याच प्रयोगशाळेत या खेळाचे सामने भरले. स्टुअर्ट ब्रँड या लेखकाने त्यांचा वृत्तांत 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात लिहिला. विजेत्याला बक्षीस काय, तर त्याच नियतकालिकाची वर्षाची वर्गणी! नियतकालिके चालवणाऱ्यांची दानत जगाच्या पाठीवर सारखीच असते, हे वाचून दिवाळी अंकांचे लेखक सुखावतील. पण त्या लेखाचे महत्त्व निराळे आहे. गणकयंत्र ही सरकारची आणि बड्या कंपन्यांची चाकर नसून सामान्य माणसाची सोबती होऊ शकते, ही वार्ता त्याने अनेक तरुण वाचकांच्या कानी घातली. लढाईच्या खेळातून निघालेला अर्थ हा असा होता.

येथवर सारे गोकुळ. आता पैसा येतो.

१९७१ च्या सप्टेंबरात स्टॅनफर्डच्याच आवारात बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी स्पेसवॉरला नाण्याची खाच बसवली. दहा सेंट टाका, एक डाव खेळा. आत खरेखुरे गणकयंत्र होते आणि एकूण खर्च वीस हजार डॉलरांच्या घरात गेला होता. दहा-दहा सेंटांनी तो कसा भरून निघायचा! नाव मात्र त्यांनी बदलून 'गॅलक्सी गेम' ठेवले. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध विद्यार्थी खवळून उठलेले असताना खेळाच्या नावातला 'वॉर' हा शब्द नकोसा झाला होता. हा खेळ १९७९ पर्यंत तेथे चालला. त्याच १९७१ सालाच्या अखेरीस नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' हा खेळ आणला. त्यांनी महागड्या गणकयंत्राला फाटाच दिला. स्वस्त विद्युत-मंडले जोडून एकाच खेळापुरते यंत्र घडवले आणि ते व्यापारी तत्त्वावर विकले. नाणे टाकून खेळायचा, बाजारात विकला गेलेला पहिला पडद्यावरचा खेळ तो हाच. मधला तारा त्यात राहिला नाही. पुढच्याच वर्षी या दोघांनी 'अटारी' ही कंपनी काढली, आणि टेनिसवजा 'पाँग' या खेळाने तिचे नाव जगभर झाले. १९७९ साली अटारीने 'ॲस्टेरॉइड्स' काढला, त्यात पाच बटणे होती: डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे रेटा, डागा आणि हायपरस्पेस. सतरा वर्षांपूर्वी रात्री जागवणाऱ्या त्या मित्रांनी ती पाहून हसावे की रडावे? त्या खेळाची सत्तर हजारांहून अधिक यंत्रे खपली. मूळ मंडळींना त्यातून एक छदामही मिळाला नाही.

परंतु वारसाहक्काचा प्रश्न मी म्हणतो तो या पैशाचा नव्हे. रसेल आणि त्याचे मित्र आपापल्या वाटेने चांगले कर्तेसवरते झाले. कोटॉक पुढे त्याच कंपनीच्या 'पीडीपी-१०' या नावाजलेल्या यंत्राचा मुख्य शिल्पकार झाला. प्रश्न रीतीचा आहे, आणि तो एका योगायोगाने फार ठसठशीत होतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रसेल सिअॅटल शहरातील गणकयंत्रे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. तेथे काही शाळकरी मुले यंत्रातले दोष शोधून काढण्याच्या मोबदल्यात फुकट बसून शिकत. रसेल त्यांच्या हाती यंत्राची पुस्तके देई. त्या मुलांत एक बिल गेट्स आणि दुसरा पॉल ॲलन. पुढे याच गेट्सने १९७६ साली हौशी लोकांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. आम्ही मेहनतीने लिहिलेल्या आज्ञावलीच्या फुकट नकला करणे म्हणजे चोरी आहे. अशाने चांगले काम करायला कोण पुढे येईल, असा त्याचा सवाल होता.

हा सवाल उडवून लावण्याजोगा नाही. लेखणीवर चार पैसे मिळवणाऱ्या माणसाला तर तो मुळीच उडवता येणार नाही. माझ्या कादंबरीच्या चोरट्या प्रती कोणी छापल्या तर मी काही त्याला किल्ल्याचा दृष्टान्त सांगत बसणार नाही. बाजार नसता तर हा खेळ पन्नास-शंभर विद्वानांच्या खोल्यांतच राहिला असता, गावोगावच्या पोरांपर्यंत आला नसता, हेही मान्य केले पाहिजे. बुशनेलने गणकयंत्र काढून टाकले म्हणूनच तो स्वस्त झाला. पण स्वस्त होताना एक गोष्ट गेली. मूळ स्पेसवॉर ज्याच्या हाती पडला त्याला तो उघडता येत होता. नाण्याच्या पेटीला कुलूप आले. खेळणारा आणि रचणारा ही दोन माणसे झाली. पूर्वी ते एकच होते. पहिल्या मंडळींच्या तीन कसोट्यांपैकी दोन आजच्या खेळांनी उत्तम पेलल्या आहेत. तिसरीचे मात्र अर्धेच पालन होते. पाहणाऱ्याने हात घालावा, असे तिच्यात म्हटले होते. आज हात आहेत ते बटणांवर, आत नाहीत.

म्हणून या खेळाचा टिकाऊ वारसा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी जहाजे आणि टॉर्पेडो यांच्याकडे बोट दाखवणार नाही. माणसाने यंत्रासमोर बसावे, काही करावे, आणि यंत्राने त्याच क्षणी उत्तर द्यावे. मध्ये खिडकी नसावी. बँकेचे काम करताना, परगावच्या लेकीशी पडद्यावर बोलताना आपण आज जे सहज करतो, त्याची गोडी आणि सवय लावणाऱ्या पहिल्या थोड्या गोष्टींत हा पोरखेळ होता. हा एक वारसा आपल्या पदरी पडला आहे आणि आपण तो उपभोगतो आहोत. दुसरा वारसा, दुसऱ्याचे काम उघडून पाहावे आणि त्यात आपली भर घालून पुढे द्यावे, हा सर्वांच्या वाट्याला आला नाही. पण तो बुडालाही नाही. मुक्तपणे आज्ञावली वाटणारी मंडळी जगभर आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांत हिंगहॅम रस्त्यावरच्या त्या बिऱ्हाडाची गणना होते.

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू गावी संगणकांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. तेथे एक जुने पीडीपी-१ दुरुस्त करून चालते केले आहे, आणि पाहुण्यांना त्यावर स्पेसवॉर खेळून दाखवतात. दुरुस्तीला हातभार लावणाऱ्यांत तारांगणवाला सॅमसनही होता. खेळाची मूळ आज्ञावलीही हरवलेली नाही. ती कोणालाही वाचता येते आणि घरच्या संगणकावर चालवूनही पाहता येते. तिच्यात सॅमसनने ताऱ्यांची यादी केली आहे, आणि ठळक ताऱ्यांपुढे त्यांची नावेही लिहून ठेवली आहेत. यंत्राला त्या नावांचा काही उपयोग नव्हता. ती लिहिली ती पुढे कोणीतरी वाचील म्हणून.

या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून घरातले एखादे पोर पडद्यात डोके खुपसून बसलेले दिसले, तर त्याच्यावर ओरडण्यापूर्वी शेजारी बसून त्याला एवढेच विचारून पाहावे: 'बाळ, हा खेळ तुझ्या हाती दिला, तर तू यात काय बदलशील?' उत्तर आले, तर त्याला कागद-पेन्सिल द्यावी. आणि संध्याकाळी किल्ल्यावर पणत्या लावायला त्याला बरोबर न्यावे.